मेसेज डिलीट करून झोपी जाणाऱ्या अ‍ॅडमिनांस

गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिन मंडळींना,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, मी तुमच्यातलाच एक. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, त्या वर्षी तरुण मंडळाच्या पोरांनी गावचा ग्रुप काढला आणि ‘गुरुजी, तुम्ही असला म्हंजे कुणी वेडंवाकडं टाकणार नाही’ म्हणून मला अ‍ॅडमिन करून टाकलं. तुमच्यातले बरेच जण असेच झाला असाल. कुणी दहावीच्या बॅचचा, कुणी पाणीवाटपाचा, कुणी दूध डेअरीचा. निवडणूक नाही, मानधन नाही, शपथ नाही. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब टाकता टाकता माणूस अ‍ॅडमिन होऊन बसतो. मग एके दिवशी रात्री साडेनऊला कुणीतरी एक आवाजाची क्लिप टाकतो, आणि गावातली तीनशे माणसं झोपणार की काठ्या घेऊन वेशीवर बसणार, हे आपल्या बोटावर येतं.

माझा तालुका मंगळवेढा. दामाजीपंतांचं गाव, ज्वारीचं कोठार. दुष्काळात परक्या भुकेल्यांसाठी सरकारी कोठारं उघडली म्हणून ज्याला देवत्व मिळालं, त्या माणसाची कथा आम्ही चौथीपाचवीच्या पोरांना सांगत आलो. याच तालुक्यातली नाथपंथी डवरी गोसाव्यांची माणसं दरसाल भिक्षेला बाहेर पडतात. अंगात भगवं, गळ्यात माळा, खांद्याला झोळी. तीन-चार जिल्हे ओलांडून जातात, पाल ठोकतात, दिवसभर गावं फिरतात. २०१८ च्या उन्हाळ्यात त्यातली काही कुटुंबं धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरला उतरली होती. १ जुलैला, रविवारी, त्यांच्यातले पाच जण राईनपाड्याला गेले. तिथं आठवड्याचा बाजार होता. त्यांच्यातला कुणी एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त पुरलं. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, हे त्या भागातल्या फोनांवर बरेच दिवस येत होतं. जमावानं पाचही जणांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथल्या खोलीत जीव जाईपर्यंत मारलं. ते चित्रीकरण पुढे देशभर फिरलं. त्यातली मयतं आमच्याकडे आली. मी ती माणसं ओळखत नव्हतो. पण त्यांच्या भाऊबंदांची पोरं माझ्या हाताखालून गेलीत.

तो सगळा पावसाळाच तसला होता. आधी ८ जूनला वैजापूर तालुक्यात चांडगावला दोघांना दरोडेखोर समजून मारलं. राईनपाड्याच्याच रात्री मालेगावात एका कुटुंबाला लहान लेकरासकट जमावानं घेरलं, तिथं पोलीस पोचले म्हणून ते वाचले. आणि हे फक्त आपल्याकडे नव्हतं. तमिळमध्ये, तेलुगूत, कन्नडात, गुजरातीत तोच मजकूर होता, फक्त तालुक्याचं नाव बदललेलं.

त्या दिवसांत एक व्हिडिओ फार फिरला. तुम्ही पाहिला असेल. गल्लीत पोरं खेळतायत, मोटारसायकलवर दोघं येतात, मागचा खाली वाकून एका पोराला उचलतो आणि गाडी भुर्रकन निघून जाते. पाहणाऱ्या कुठल्याही आईचा जीव घशाशी यावा असाच तो होता, कारण तो त्यासाठीच बनवला होता. पाकिस्तानात कराचीला हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची ती जाहिरात. मूळ चित्रफितीत गाडी परत येते, पोराला खाली ठेवतात, आणि मागचा माणूस एक फलक धरतो: कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. कुणीतरी शेवटचा तुकडा कापला. कात्री एकदाच चालली असेल. नंतर ज्या लाखो लोकांनी ते पुढे पाठवलं, त्यांनी काहीच खोटं केलं नाही, आलं तसं पाठवलं. त्याच सुमारास लहान मुलांच्या मृतदेहांची चित्रं ‘किडन्या काढून टाकलेली पोरं’ म्हणून फिरली. ती सीरियातल्या २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्यातली होती. आपल्या पाराखाली बसून सीरियाची मयतं आपण आपल्या शिवारातली समजून पाहत होतो.

राईनपाड्यानंतर सरकारनं व्हॉट्सअ‍ॅप कंपनीला खरमरीत पत्र धाडलं, कंपनीनं उत्तर दिलं, वर्तमानपत्रात पानभर जाहिराती आल्या. जुलै २०१८ मध्येच पुढं पाठवलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी पट्टी दिसू लागली. एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं भारतात झालं, नंतर जगभर. एप्रिल २०२० पासून, कोरोनाच्या गडबडीत, फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. दोन बाणांची खूण त्याचीच. या सगळ्याचा उपयोग झाला असेलही. पण तुम्ही-आम्ही रोज पाहतो, की मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटवला की बाणही जातो आणि मर्यादाही जाते. व्हिडिओ फोनमध्ये उतरवून पुन्हा चढवला की तो जणू आपल्याच गल्लीत काढलेला.

आणि मुख्य गोष्ट वेगळीच आहे. आपल्या ग्रुपमधलं बोलणं कंपनीला वाचता येत नाही, पोलिसालाही वाटेत उघडून पाहता येत नाही. पाठवणाऱ्याच्या फोनात कुलूप लागतं, घेणाऱ्याच्या फोनात उघडतं. मला ते बरंच वाटतं. माझ्या लेकीशी मी काय बोलतो ते कुणी का वाचावं? पण मग गावच्या ग्रुपमध्ये काय चाललंय हे पाहणारं बाहेरचं कुणीच उरत नाही. पाहणारे फक्त आतले. आणि आतल्यांपैकी ज्याच्या हातात बटण आहे, तो तुम्ही.

आता माझी गोष्ट सांगतो. ही सांगायला तीन वर्षं लाजत होतो.

२०२२ च्या भाद्रपदात तीच टोळी पुन्हा आली. म्हणजे मेसेज आला. या वेळी क्लिपमध्ये एक बाप्या बोलत होता, नाव नाही, गाव नाही, पण मागं वॉकीटॉकीची खरखर घातलेली, त्यामुळे पोलीस ठाण्यातून बोलतोय असं वाटावं. ‘आपापल्या लेकरांवर लक्ष ठेवा, बाया भांडी विकायच्या, सुया विकायच्या निमित्तानं येतात, लगेच सगळ्या ग्रुपवर पाठवा.’ टाकली कुणी? माझ्याच पुतण्यानं. तो चाकणला कंपनीत आहे, त्याची दोन लेकरं गावाकडे आजीपाशी. हे ध्यानात घ्या, असले मेसेज टाकणारा दर वेळी टवाळ नसतो. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पाठवतात ती बाहेरगावी असलेली पोरं. लेकरं इथं, हे तिथं, रात्रपाळी संपवून खोलीवर आलेले. मेसेज पुढं पाठवणं एवढंच त्यांच्या हातात असतं.

मी ती क्लिप ऐकली. मला शंका आली का? खरं सांगतो, आली. पण मी लिहिलं काय, ‘सर्वांनी काळजी घ्यावी.’ मास्तरचे तीन शब्द पडले आणि तो मेसेज पास झाला.

दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मी पोरं नव्हती. माझ्या घरात, बायकोनं उशाखाली विळा घेतला. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन बाया गल्लीत आल्या. ‘सुया घ्या, पोत घ्या, बिब्बं घ्या.’ एकीनं अंगणात खेळणाऱ्या पोरीला म्हटलं, ‘बाळ, आईला हाक मार, पाणी दे म्हणावं.’ दहा मिनिटांत पाराजवळ शंभर माणूस. मी पोचलो तेव्हा एकीचं गाठोडं उसकटलेलं होतं, काळे मणी मातीत, आणि सात-आठ फोन वर धरलेले. ती बाई ओरडून सांगत होती, ‘आमी दरसाल येतो की ओ, तुमच्या सासवांना इचारा.’ कुणी विचारलं नाही.

त्यांना वाचवलं ते पोलीस पाटलानं. त्याला राईनपाडा ठाऊक होता. ‘ग्रामपंचायतीत कोंडा’ असं दोघंतिघं म्हणत होते, तर तो म्हणाला, खोलीत कुणाला कोंडायचं नाही. त्यानं दोघींना स्वतःच्या घरी नेलं, सैपाकघरात आपल्या म्हाताऱ्या आईजवळ बसवलं आणि दारात पाट टाकून स्वतः बसला. जीप यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात आतून म्हातारी बाहेर आली आणि लोकांना म्हणाली, ‘ह्याच्या टायमाला बिब्बं हिच्या आईनंच दिलं हुतं मला. काय मारताव?’ त्यावर गर्दी पांगली.

त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या जत तालुक्यात लवंग्याला मथुरेकडच्या चार साधूंना लोकांनी गाडीतून ओढून पट्ट्यांनी, काठ्यांनी मारलं. ते पंढरपूरला निघाले होते. एका पोराला रस्ता विचारला, तेवढंच. विठ्ठलाच्या वाटेवर रस्ता विचारायचा नाही, इथवर आपण आलो.

ज्या अफवेनं आमच्या तालुक्यातली माणसं मारली, तीच अफवा चार वर्षांनी आमच्याच तालुक्यात, माझ्याच ग्रुपात आली, आणि मी तिला ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ म्हणून पाट मांडला. पाराजवळची गर्दी पांगली त्याच रात्री मी पुतण्याची क्लिप डिलीट केली. अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येईल, ही सोय तेव्हा नुकतीच आली होती. ‘हा मेसेज अ‍ॅडमिनने डिलीट केला’ अशी तिरपी अक्षरं तिथं राहिली. मला वाटलं, झालं आपलं काम. स्वस्थ झोपलो.

मित्रांनो, या पत्रात मला सांगायचं आहे ते एवढंच, की तिथं माझं काम झालं नव्हतं. उलट तिथं मी दुसरी चूक केली.

पुढच्या वर्षी एका बारशाला गेलो होतो. तिथं एक आई दुसरीला सांगत होती, ‘त्या साली पोरं धरणारी टोळी आलती न्हवं का आपल्यात, आपल्या पोरांनी हाकलली.’ मी म्हटलं, अगं, ती टोळी नव्हती, सुया विकणाऱ्या बाया होत्या, पोलिसांनी चौकशी करून सोडल्या. तर ती म्हणाली, ‘तसं कुठं आलं गुरुजी? ग्रुपवर तर काय आलं न्हाई.’ खरंच होतं तिचं. खोटं तीनशे फोनांवर आलं होतं. खरं कुणाच्याच फोनावर आलं नव्हतं. मी फक्त कागद फाडला होता, आणि फाडलेल्या कागदावर काय होतं ते सगळ्यांना पाठ होतं. एक जण तर म्हणाला, ‘वरून दाबलं असंल, म्हणून तुम्ही डिलीट मारलं.’ त्या दोघी बाया नंतर गावात आल्या नाहीत. बिब्बे आता मंगळवेढ्याहून आणावे लागतात.

यावर तुमच्यातले काही म्हणतील, की गुरुजी, आपण कायद्यानं बांधलेलो नाही. बरोबर आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय, की सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं तर, त्याच्याशी कट-संगनमत नसेल तोवर, अ‍ॅडमिनला आरोपी करता येणार नाही. केरळ उच्च न्यायालयानंही पुढच्या वर्षी तसंच म्हटलं. मला तो निकाल पटतो. दुसऱ्याच्या जिभेसाठी मला बेडी कशाला? पण त्या निकालात कारण दिलं होतं, की अ‍ॅडमिनच्या हातात सदस्य घेणं आणि काढणं एवढंच असतं. पण हातात तेवढंच नाही. ‘फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील’ हे कुलूप २०१८ च्या जूनअखेरीस, राईनपाड्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांतच आलेलं. पुसण्याची सोय २०२२ ला आली. न्यायालय तुम्हाला सोडेल. म्हणून तर हे पत्र पोलिसांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

वरच्यांनीही आपापल्या परीनं सांगून ठेवलंय. सर्वोच्च न्यायालयानं १७ जुलै २०१८ ला जमावाच्या हत्यांवर निकाल देताना प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा एक नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. तुमच्या जिल्ह्याचा कोण आहे, सांगा बघू? मलाही पाराजवळ उभा असताना माहीत नव्हतं. मला फक्त पोलीस पाटलाचं घर माहीत होतं.

नुसतं डिलीट न करता काय करायचं, ते माझ्या चुकांतून सांगतो. क्लिप पेटती असेल, आत्ता काठ्या निघतील अशी असेल, तर पुसा, थोडा वेळ ग्रुप बंद ठेवा, ११२ ला फोन करा. पण त्याच दिवशी, त्याच जागी, स्वतःच्या नावानं लिहा, की अमुक मेसेज आला होता, मी ठाण्यात विचारलं, अशी कुठलीही तक्रार नाही, तो खोटा आहे. लिहिण्यापेक्षा बोला. आपल्या गावात वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणारे जास्त. खोट्या क्लिपमधला बाप्या आपल्यासारख्या बोलीत बोलतो, आणि आपण खुलासा म्हणून टाकतो ती शासकीय मराठीतली प्रेसनोट, ‘सदर बाब निदर्शनास आली असून’. कोण ऐकणार ते? पोलीस पाटलाच्या आईचा आवाज टाकला असता तर सगळ्या गल्लीनं ऐकला असता. ‘ह्याच्या टायमाला बिब्बं हिच्या आईनंच दिलं हुतं.’ ते मला सुचलं नाही.

दुसरं, ज्यानं टाकलं त्याचं काय करायचं. आमच्याकडे एका तात्यांनी कोरोनात कोंबडीचा मेसेज टाकला होता. आठवतं ना, २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो असं पसरलं आणि पोल्ट्रीवाल्यांनी जिवंत पिल्लं खड्ड्यात पुरली? तात्यांच्या स्वतःच्या भाच्याची पोल्ट्री. एका पोरानं त्यांना सगळ्यांदेखत ‘तात्या, डोकं वापरा’ असं लिहिलं. तात्या ग्रुपमधून गेले ते आजतागायत आले नाहीत, आणि दुसऱ्या ग्रुपांवर मेसेज टाकत राहिले. चूक माझी होती. आधी एक साधा फोन करायचा, घरी जाऊन चहा घ्यायचा आणि म्हणायचं, तात्या, ते खोटं निघालं, तुम्हीच सांगता का? ज्यानं पाठवलं त्याच्याच तोंडून ‘मी पाठवलेलं खरं नव्हतं’ आलं, तर त्यासमोर कुठल्याही पडताळणीवाल्यांची लिंक फिकी पडते. हे अवघड आहे, मान्य. पाठवणारा सरपंचाचा मेहुणा असला तर आणखी अवघड. निवडणुकीच्या महिन्यात तर विचारूच नका. तिथं मीही अनेकदा मोबाइल उलटा ठेवून झोपलोय.

तिसरं, खुलासा झाला तरी गोष्ट थांबत नाही, हेही मनाशी धरा. पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला १६ एप्रिल २०२० ला दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक मारला गेला. टाळेबंदी होती, ते आडवाटेनं सुरतेकडे अंत्यविधीला निघाले होते, आणि चोर, पोरं पळवणारे येतात म्हणून गावं रात्री पहारा देत होती. म्हणजे एका अफवेनं तिघं मेले. मग त्यांच्या मरणाच्या व्हिडिओवर दुसरी अफवा उगवली. गर्दीत कुणी ‘ओये, बस’ ओरडत होता, ते ‘शोएब’ असं ऐकवलं गेलं आणि भलत्याच समाजाच्या माथी खून मारला गेला. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असं तेव्हाच्या गृहमंत्र्यांना यादीसकट जाहीर करावं लागलं. तरी आजही कुठं विषय निघाला, की कुणीतरी ‘शोएब’ म्हणतोच. हिंदी न येणारा माणूसही ते शपथेवर सांगतो.

हे पत्र लिहायला घेण्यापूर्वी मी एक गोष्ट केली. तीन वर्षांनी. गेल्या आठवड्यात रात्री जेवणं झाल्यावर ग्रुपवर माझ्या आवाजात दोन मिनिटांची क्लिप टाकली. म्हटलं, २०२२ च्या भाद्रपदात आपल्या ग्रुपवर पोरं पळवणाऱ्या बायांचा मेसेज आला होता, तो खोटा होता. मी त्याला काळजी घ्या म्हणून दुजोरा दिला, तेही चुकलं. नंतर गुपचूप पुसला, तेही चुकलं. त्या दोघी बाया दरसाल आपल्या गावात येत होत्या, त्यांच्या आयाही येत होत्या. त्यांच्यापैकी कुणी कुठल्या बाजारात भेटलं तर माझा निरोप द्या.

चौघांनी अंगठा दाखवला. एकानं हात जोडले. एकानं विचारलं, ‘गुरुजी, उद्या पाणी कितीला सुटणार?’ पुतण्यानं काही लिहिलं नाही, पण रात्री बाराला, पाळी संपल्यावर, त्याचा फोन आला. तो बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘आण्णा, ती क्लिप मला कंपनीतल्या ग्रुपवर आली होती. तिथं टाकू का तुमची?’

मी टाक म्हटलं. त्या ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण आहे, मला माहीत नाही. तो हे वाचत असेल तर त्याला माझा नमस्कार.

आपला,
मंगळवेढा तालुक्यातला एक अ‍ॅडमिन